'साळुंकी' आणि 'मैना' : एका पक्षिनामाची व्युत्पत्ती, पर्याय आणि अर्थविस्तार – एक चिकित्सा

सारांश :

मराठीत 'साळुंकी' आणि 'मैना' ही दोन नावे सामान्यतः समानार्थी मानली जातात. संस्कृत वाङ्मयातील 'सारिका' या शब्दाचे भाषांतर करताना यांपैकी कोणतेही एक नाव विनाचिकित्सा योजले जाते. प्रस्तुत लेखात या दोन्ही नावांची व्युत्पत्ती, त्यांची पर्यायनामे आणि अभिजात वाङ्मय, जात्यावरील ओवी व शाहिरी काव्य यांतील त्यांचा अर्थविस्तार तपासला आहे. 'साळुंकी' हे मराठीच्या ध्वनिनियमांनुसार घडलेले नाव असून ते प्रत्यक्ष पक्ष्याशी बांधलेले राहिले. 'मैना' हे उत्तरेकडून आलेले नाव असून ते स्त्री, वाणी आणि विरह यांचे वाहक झाले, असे प्रतिपादन येथे केले आहे. ही दोन्ही नावे एकमेकांची पर्यायी नसून परस्परपूरक आहेत, असा निष्कर्ष त्यातून निघतो.

बीजसंज्ञा : साळुंकी, मैना, सारिका, व्युत्पत्ती, पर्यायनाम, ओवी, छक्कड, प्रमाणीकरण.

१. प्रस्तावना

पक्ष्याचे नाव ही भाषेतील एक लहानशी गोष्ट वाटते. प्रत्यक्षात तिच्यात निरीक्षण, श्रद्धा, व्याकरण आणि समाजव्यवहार यांचे अनेक थर साठलेले असतात. मराठी साहित्याच्या अध्यापनात मात्र पक्षिनामांकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. संस्कृत टीकाकार 'पक्षिविशेषः' एवढे सांगून पुढे जातात आणि पाठ्यपुस्तकांतील शब्दार्थांच्या याद्यांतही 'एक पक्षी' एवढीच नोंद पुष्कळदा आढळते. शब्दाचा अर्थ दिला जातो, परंतु तोच शब्द त्या ठिकाणी का आला, हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

या संदर्भात साळुंकीचे उदाहरण विशेष बोधप्रद आहे. हा पक्षी दुर्मीळ नाही. तपकिरी अंग, काळे डोके, पिवळी चोच, डोळ्यामागे पिवळी कातडी, पिवळे पाय आणि उडताना पंखांवर दिसणारा पांढरा पट्टा ही त्याची लक्षणे शहरवासीयांनाही परिचित आहेत. चिंचवडसारख्या गावाचे नावच चिंच आणि वड या दोन वृक्षांवरून पडल्याचे सांगितले जाते. पवनाकाठच्या जुन्या वृक्षांवर, कारखान्यांच्या पत्र्यांखाली आणि वसाहतींच्या गच्च्यांवर साळुंकी सहज आढळते. खेड्याचे नगर आणि नगराचे औद्योगिक शहर होत असताना जे थोडे पक्षी मानवी वस्तीत टिकून राहिले, त्यांत तिचा समावेश होतो. असे असूनही मराठी कवितेत साळुंकीपेक्षा मैनाच अधिक भेटते. खिडकीत साळुंकी आणि कवितेत मैना, ही विभागणी कशी झाली, हा प्रस्तुत लेखाचा मूळ प्रश्न आहे.

२. 'शारि' ते 'साळुंकी'

या नावाचा सर्वांत जुना धागा वैदिक वाङ्मयात सापडतो. वाजसनेयी संहितेच्या चोविसाव्या अध्यायात अश्वमेधाच्या संदर्भात निरनिराळ्या देवतांना उद्देशून पशुपक्ष्यांची यादी येते. तेथे 'शारि' हा पक्षी सरस्वतीसाठी सांगितला असून त्याला 'पुरुषवाक्', म्हणजे मनुष्यवाणी बोलणारा, असे विशेषण दिले आहे. वाग्देवतेकडे बोलणारा पक्षी जावा, यात एक संगती आहे. या नावाच्या प्रारंभीच वाणीचा संकेत आहे, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची ठरते.

'शारि'पासून 'शारिका' आणि पुढे 'सारिका' ही रूपे रूढ झाली. पालीत 'सालिका' व 'साळिका' अशी रूपे आढळतात. म्हणजे 'र'चा 'ल' होण्याची प्रक्रिया प्राचीन आहे. बंगालीतील 'शालिक' याच कुळातील आहे. सिंहली भाषेत पंधराव्या शतकात श्री राहुल यांनी रचलेले 'सॅळलिहिणि संदेशय' हे प्रसिद्ध संदेशकाव्य याच पक्ष्याला दूत करते. काश्मिरीत 'श'चा 'ह' होऊन या पक्ष्याचे नाव 'हार' असे झाले. श्रीनगरच्या हारी पर्वतावरील शारिका देवीने पक्षिणीचे रूप घेऊन चोचीतील खडा असुरावर टाकला व त्याचाच पर्वत झाला, अशी आख्यायिका तेथे प्रचलित आहे. एकाच शब्दाचा विस्तार काश्मीरपासून श्रीलंकेपर्यंत झालेला दिसतो आणि मराठी 'साळुंकी' ही त्या विस्तारातील एक शाखा होय.

प्राकृतातील दोन स्वरांमधला एकेरी 'ल' मराठीत 'ळ' होतो. 'फल'चे 'फळ' आणि 'काल'चा 'काळ' ही त्याची परिचित उदाहरणे आहेत. 'साळुंकी'तील 'साळ-' हा अंश याच नियमाने सिद्ध होतो. 'उंकी' हा अंश मराठीतील उत्तरकालीन विस्तार मानावा लागतो. महत्त्वाचा मुद्दा असा की, 'ळ' या वर्णाने या शब्दावर मराठीची मुद्रा उमटवली आहे. हा शब्द संस्कृतातून थेट उचललेला नसून लोकांच्या मुखातून पिढ्यान्‌पिढ्या झिजत आलेला आहे.

येथे ध्वनिसाम्याने होणाऱ्या गोंधळाचा निर्देश करणे आवश्यक आहे. शिवलिंगाच्या पीठाला 'शाळुंका' म्हणतात. 'साळुंखे' हे आडनाव चालुक्य व सोळंकी या कुलनामांशी जोडले जाते. साळिंदराला अनेक ठिकाणी 'साळू' म्हणतात. 'सारीपाट' या शब्दातील 'सारी' ही 'शारि' म्हणजे सोंगटी या अर्थाच्या शब्दापासून आलेली आहे. यांपैकी एकाचाही पक्ष्याशी अर्थसंबंध दाखवता येत नाही. कानाला जवळचा वाटणारा शब्द कुळानेही जवळचा असतोच असे नाही, हे व्युत्पत्तिशास्त्राचे प्राथमिक सूत्र या शब्दांच्या बाबतीत सतत ध्यानात ठेवावे लागते.

३. 'मैना' : पाहुणे आलेले नाव

'मैना' हा शब्द संस्कृत 'मदना' किंवा 'मदनसारिका' यांच्याशी जोडला जातो. 'मदना'पासून प्राकृत 'मयणा' आणि त्यापासून 'मैना' हा क्रम सर्वसाधारणपणे स्वीकारला जातो. परंतु मराठीच्या दृष्टीने येथे एक अडचण उपस्थित होते, जिची चर्चा सहसा केली जात नाही.

मराठीने प्राकृतातील दोन स्वरांमधला 'ण' सामान्यतः राखला आहे. 'मदन' या शब्दाचा दुसरा अर्थ मधमाश्यांच्या पोळ्यातील स्निग्ध द्रव्य असा आहे. त्यापासून प्राकृतात 'मयण' आणि मराठीत 'मेण' हा शब्द झाला. म्हणजे त्याच ध्वनिक्रमातून मराठीने 'ण'युक्त रूप घडवले. पक्षिनामही मराठीच्याच घरात घडले असते, तर त्यातही 'ण' राहण्याची अपेक्षा होती. 'मैना'तील 'न' हिंदीच्या प्रकृतीशी जुळणारा आहे. यावरून 'मैना' हा शब्द मराठीत उत्तरेकडून तयार स्वरूपात आला असावा, असे अनुमान करता येते. 'मेण' घरचे आणि 'मैना' पाहुणी, असे या दोन शब्दांचे नाते मांडता येईल.

हे अनुमान मान्य केल्यास एक लक्षणीय चित्र उभे राहते. घरचे नाव शेतात, गोठ्यात आणि अंगणात वावरणाऱ्या पक्ष्याला चिकटून राहिले. बाहेरून आलेल्या नावाबरोबर 'मदन' या मुळातील शृंगाराची छटा, पिंजऱ्याची प्रतिमा आणि कथावाङ्मयाचा संस्कार आला. त्यामुळे स्त्रीचे नाव म्हणून 'मैना' रूढ झाले, 'साळुंकी' झाले नाही.

४. पर्यायनामे आणि निरीक्षणाच्या दृष्टी

एखाद्या पक्ष्याची पर्यायनामे म्हणजे त्याच्याकडे पाहण्याच्या निरनिराळ्या दृष्टी असतात. बाराव्या शतकातील हेमचंद्राच्या 'अभिधानचिन्तामणि' या कोशात सारिकेला 'पीतपादा', 'गोराटी' आणि 'गोकिराटिका' ही नावे दिली आहेत. 'पीतपादा' म्हणजे पिवळ्या पायांची. हे नाव देणाऱ्याने पक्षी जवळून पाहिला होता, यात संशय नाही. 'गोराटी' व 'गोकिराटिका' यांच्या प्रारंभीचा 'गो' हा अंशही विचारार्ह आहे. चरणाऱ्या गुरांच्या पायांशी उडणारे कीटक टिपत साळुंकी चालते, हे दृश्य कोणत्याही गायरानात दिसते. हा संबंध नामकरणामागे असणे शक्य आहे.

आधुनिक शास्त्रीय नावाकडे वळल्यास वेगळीच दृष्टी आढळते. लिनिअस याने १७६६ मध्ये या पक्ष्याची नोंद स्वर्गीय पक्ष्यांच्या प्रजातीत केली आणि त्याला 'ट्रिस्टिस' हे विशेषण दिले. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ उदास किंवा फिका असा होतो. पुढे रूढ झालेल्या 'अ‍ॅक्रिडोथेरिस' या प्रजातिनामाचा ग्रीक अर्थ टोळांची शिकार करणारा असा आहे. अठराव्या शतकात टोळांच्या बंदोबस्तासाठी हा पक्षी भारतातून मॉरिशसला नेण्यात आला होता. पुढे अनेक देशांत त्याचा इतका प्रसार झाला की, २००० मध्ये जगातील शंभर उपद्रवी आक्रमक प्रजातींची जी यादी प्रसिद्ध झाली, तिच्यात त्याचे नाव आले.

एकाच पक्ष्याला वेदकाळाने 'मनुष्यवाणीचा', कोशकाराने 'पिवळ्या पायांचा' आणि युरोपीय निसर्गशास्त्रज्ञांनी 'उदास' व 'टोळमारक' म्हटले. यांपैकी कोणतेही नाव खोटे नाही. परंतु कोणतेही एक नाव पुरेसेही नाही.

शेजारच्या भाषांतही हीच विविधता आढळते. गुजरातीत या पक्ष्याला 'काबर' म्हणतात. गिजुभाई बधेका यांच्या बालकथेमुळे कष्टाळू काबर आणि आळशी कावळा ही जोडी गुजराती मुलांना परिचित आहे. तेथे हा पक्षी प्रेयसी नसून शेतात राबणारी गृहिणी आहे. कन्नडमध्ये 'गोरवंक' आणि तेलुगूत 'गोरुवंक' किंवा 'गोरिंक' ही नावे आहेत. मराठीत याच कुटुंबातील इतर पक्ष्यांसाठी 'भांगपाडी मैना', 'जंगली मैना', 'डोंगरी मैना' अशी जोडनावे वापरली जातात; हिवाळ्यात थव्यांनी येऊन ज्वारीवर उतरणाऱ्या गुलाबी मैनेला 'भोरडी' हे स्वतंत्र नाव आहे. म्हणजे पक्षिशास्त्रीय व्यवहारात 'मैना' हे कुलनाम आणि 'साळुंकी' हे विशिष्ट जातीचे नाव, अशी व्यवस्था मराठीत आपोआप निर्माण झाली आहे.

५. अभिजात वाङ्मयातील सारिका : बोलणे आणि त्याची किंमत

संस्कृत वाङ्मयात सारिका ही प्रामुख्याने पिंजऱ्यातील बोलणारी पक्षीण आहे. कामसूत्रातील चौसष्ट कलांत शुकसारिकांना बोलायला शिकवण्याची कला समाविष्ट आहे. कालिदासाच्या मेघदूतात विरहिणी यक्षपत्नी पिंजऱ्यातील सारिकेला स्वामीची आठवण येते का, असे विचारते. श्रीहर्षाच्या 'रत्नावली' नाटिकेत सारिकेचे कार्य याहून नाट्यपूर्ण आहे. नायिकेने सखीला सांगितलेले मनोगत पिंजऱ्यातून सुटलेली सारिका जसेच्या तसे उच्चारते आणि ते राजाच्या कानी पडते. नायिका जे स्वतः बोलू शकत नाही, ते पक्षीण बोलते.

शुकसप्ततीत या बोलण्याचे दुसरे रूप दिसते. ही कथामाला मराठीत 'शुकबहात्तरी' या नावाने परिचित आहे. पती परदेशी गेल्यावर परपुरुषाकडे निघालेल्या प्रभावतीला सारिका सरळ शब्दांत दोष देते. त्यामुळे प्रभावती संतापते व सारिकेच्या जिवावर बेतते. शुक मात्र विरोध न करता रोज एक कथा सांगून तिला घरात थांबवतो. कथेचा रोख शुकाच्या चातुर्याचे कौतुक करण्याकडे आहे. परंतु सारिकेच्या बाजूने पाहिल्यास निराळा प्रश्न उपस्थित होतो. स्पष्ट बोलणारी स्त्रीलिंगी पक्षीण दूर सारली जाते आणि वळणाने बोलणारा पुल्लिंगी पक्षी सत्तर रात्री बोलत राहतो. पुरुषाच्या अनुपस्थितीत स्त्रीवर देखरेख ठेवण्याचे कामही पुरुषवाचक पक्ष्याकडेच सोपवले जाते. या रचनेकडे केवळ मनोरंजक कथाचौकट म्हणून पाहणे अपुरे आहे.

येथेच 'राघू-मैना' या लोकप्रिय जोडीचाही विचार करावा लागतो. पोपट आणि मैना हे दोन भिन्न कुलांतील पक्षी आहेत. निसर्गात त्यांची जोडी होत नाही. पोपटालाही मादी असते आणि मैनेलाही नर असतो. साळुंकीत तर नर व मादी दिसायला सारखेच असतात. व्याकरणातील लिंगाने आणि पिंजऱ्यातील सहवासाने मिळून ही जोडी तयार केली आहे. ती निसर्गाने केलेली नसून भाषेने लावलेली आहे.

सारिका म्हणजे नेमका कोणता पक्षी, हाही प्रश्न येथे निकडीचा होतो. मोनिअर-विल्यम्स यांच्या १८९९च्या कोशात 'शारिका' या शब्दासमोर दोन वेगळ्या पक्ष्यांची शास्त्रीय नावे पर्याय म्हणून दिली आहेत. मनुष्यवाणीच्या अनुकरणासाठी डोंगरी मैना विशेष ख्यात आहे. तिचीच बस्तर भागात आढळणारी उपजाती छत्तीसगडचा राज्यपक्षी असून १९७२च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने डोंगरी मैनेला संरक्षण दिले आहे. साळुंकीही शिकवल्यास काही शब्द बोलते. परंतु तिची मुख्य ओळख बोलण्याची नाही. त्यामुळे राजवाड्यातील सारिकेचे भाषांतर 'साळुंकी' असे करणे व्युत्पत्तीच्या दृष्टीने शुद्ध असले, तरी अर्थाच्या दृष्टीने संशयास्पद ठरते. याउलट 'मैना' हे भाषांतर व्युत्पत्तीने दूरचे, पण अर्थाने जवळचे आहे. भाषांतरकाराने शब्दाच्या कुळाशी प्रामाणिक राहावे की त्याच्या कार्याशी, हा प्रश्न या एका नावातून स्पष्टपणे पुढे येतो.

६. ओवीतील मैना

जात्यावरील ओव्यांत 'मैना'चा अर्थ पुन्हा बदलतो. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी पुण्यातून चालवलेल्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या आणि त्यांत मावळ व मुळशी या परिसरांतील स्त्रियांचा वाटा मोठा आहे. या ओव्या २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर प्रसिद्ध होत आहेत. चिंचवडच्या अध्यापकांच्या दृष्टीने हे साहित्य अक्षरशः शेजारचे आहे.

या ओव्यांत मुलाला 'राघू' आणि मुलीला 'मैना' म्हणण्याचा संकेत सर्वत्र आढळतो. शृंगारकथेतील जोडी येथे भावंडांची होते. मदनाशी जोडलेले नाव आई आपल्या लेकीला देते, तेव्हा त्यातील शृंगार पूर्णपणे गळून पडतो. उरते ते लेकीचे लाडके बोलणे आणि तिच्या उडून जाण्याची निश्चिती. लेकीसाठी येणारे 'साळू' हे नावही या संदर्भात लक्षात घ्यावे लागते. घरचे नाव पूर्णपणे लोपले नव्हते, याची खूण म्हणून त्याकडे पाहता येईल. दरबारी वाङ्मयात पक्षीण दुसऱ्याचे बोलणे बोलते. ओवीत तिला कोणी बोलायला शिकवत नाही. तिच्याविषयी बोलणारी स्त्री स्वतःच्याच शब्दांत बोलते. हा फरक मूलगामी आहे.

७. शाहिरी मैना

अण्णा भाऊ साठे (१९२०–१९६९) यांची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील सर्वांत परिचित रचनांपैकी एक आहे. पोटासाठी मुंबईला आलेल्या पुरुषाला गावी राहिलेल्या पत्नीचा विरह होतो. पुढे हाच विरह बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव या महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या प्रदेशांशी जोडला जातो. व्यक्तीचे दुःख प्रदेशाचे दुःख होते, हे या रचनेविषयी अनेकदा सांगितले गेले आहे.

पक्षिनामाच्या दृष्टीने मात्र तिच्यातील एक उलटापालट दुर्लक्षित राहिली आहे. ओवीत मैना उडून जाते आणि आई मागे राहते. छक्कडीत पुरुष उडून जातो आणि मैना मागे राहते. पंख ज्याच्या नावात आहेत, तीच स्थिर आहे. ही विसंगती कवीची चूक नव्हे. स्थलांतराच्या अर्थव्यवस्थेने प्रतिमेवर उमटवलेला तो ठसा आहे. गिरणी पुरुषाला बोलावते, कुटुंबाला बोलावत नाही. म्हणून पक्षिणीलाच घरट्यात थांबावे लागते.

या अर्थाचा चिंचवडशी निकटचा संबंध आहे. १९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि त्यानंतर या पट्ट्यात मोठे उद्योग आले. १९७० मध्ये नगरपालिका व १९८२ मध्ये महानगरपालिका अस्तित्वात आली. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, कोकण आणि परप्रांत येथून कामगार आले. मुंबईनंतर 'गावावर राहिली' या शब्दांचे दुसरे टोक या वसाहतींत सापडते. येथील महाविद्यालयांतील अनेक विद्यार्थी अशा स्थलांतरित कुटुंबांतील आहेत. त्यांच्यासाठी या छक्कडीतील 'मैना' म्हणजे 'पत्नी' एवढा शब्दार्थ सांगणे म्हणजे त्यांच्याच घरातील इतिहास त्यांच्यापासून लपवणे होय.

८. कोशकार्य आणि प्रमाणीकरण : एक मर्यादा

मराठी पक्षिनामांच्या क्षेत्रात मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांच्या 'पक्षिकोश' या ग्रंथाचे कार्य मोलाचे आहे. वनाधिकारी म्हणून जंगलात वावरताना लोकांकडून ऐकलेली नावे त्यांनी आदराने नोंदवली. 'सारंगागार', 'काकागार' यांसारख्या संज्ञा त्यांनी मराठीला दिल्या. पक्षिनाम हे ज्ञानाचे साधन आहे, हा विश्वास त्यांच्या लेखनातून दृढ झाला.

अलीकडे पक्षिनामांच्या प्रमाणीकरणाची गरज अभ्यासकांकडून व्यक्त होते आणि ती रास्त आहे. एका पक्ष्याला दहा नावे असतील, तर शास्त्रीय नोंदी विस्कळीत होतात. परंतु प्रमाण नाव निश्चित करताना इतर नावांना 'अप्रमाण' ठरवणे आणि त्यांची नोंदच न ठेवणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पक्षिशास्त्राला एक नाव हवे असते. साहित्याला सर्व नावे हवी असतात. 'साळुंकी' हे प्रमाण नाव म्हणून स्वीकारताना 'मैना'ला 'साळुंकी पाहा' एवढ्या निर्देशावर पाठवले, तर यक्षपत्नीचा पिंजरा, मावळातील जाते आणि मुंबईतील गिरणी ही तिन्ही स्थळे कोशाबाहेर जातील. कोशात अर्थाबरोबर प्रयोगाचा संदर्भ येणे यासाठीच अत्यावश्यक आहे.

९. निष्कर्ष

१) 'साळुंकी' हे नाव 'शारिका'पासून मराठीच्या ध्वनिनियमांनुसार विकसित झालेले असून त्यातील 'ळ' हा त्याचा पुरावा आहे.

२) 'मैना' या शब्दातील 'न', 'मेण' या शब्दाच्या तुलनेत पाहिला असता, ते नाव उत्तरेकडून मराठीत आल्याचे सूचित करतो.

३) पक्षिव्यवहारात 'मैना' हे कुलनाम व 'साळुंकी' हे जातिनाम झाले, साहित्यव्यवहारात 'साळुंकी' पक्ष्याशी आणि 'मैना' स्त्रीवाणीशी व विरहाशी जोडली गेली. म्हणून ही नावे पूर्ण समानार्थी नाहीत.

४) दरबारी वाङ्मयातील पढवलेली सारिका, ओवीतील उडून जाणारी लेक आणि छक्कडीतील मागे राहिलेली पत्नी या एकाच नावाच्या तीन सामाजिक अवस्था आहेत.

५) 'सारिका'चे भाषांतर करताना आणि पाठ्यपुस्तकांत शब्दार्थ देताना संदर्भानुसार नावाची निवड करणे व ती स्पष्ट करणे आवश्यक आहे.

महाविद्यालयाच्या आवारातील साळुंकी विद्यार्थी रोज पाहतात आणि मैनेची कविता वर्गात वाचतात. या दोन अनुभवांमध्ये संबंध जोडून देणे हे मराठीच्या अध्यापकाचे काम आहे. त्यासाठी फार मोठ्या साधनांची आवश्यकता नाही. 'एक पक्षी' या नोंदीवर समाधान न मानणे एवढ्यापासून आरंभ करता येईल.